दुखतो दात, बांधतात दंड

"दुखरा दात, और ये बांधरी हात कू!"

खालांनी हे आमच्या कानाशी तोंड आणून म्हटले. पण खालांचे हळू बोलणे म्हणजे चार खुर्च्यांपलीकडच्या माणसालाही ऐकू जावे असे. दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या आणि दंडावरचा पट्टा फुगवीत राहिल्या.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. खालांची डावीकडची खालची दाढ नऊ दिवसांपासून ठणकत होती. रात्री झोप नाही, जेवण नाही. शेवटी आम्ही शाळेतून रजा घेतली आणि सकाळच्या एस.टी.ने त्यांना नांदूरघाटहून केजला नेले. दाढ काढायची, रुमालात बांधायची आणि दुपारी परत, असा बेत होता. मशीनने आकडा दाखवला १९६ वर ११२. डॉक्टरीणबाईंनी खालांना पाठ टेकवून बसवले, पाच मिनिटे बोलायचे नाही म्हणून सांगितले (खालांसाठी ही शिक्षा दाढेपेक्षा मोठी), आणि पुन्हा मोजले. १९२ वर ११०. त्यांनी हातमोजे काढून ठेवले.

"मावशी, आज दाढ काढता येणार नाही."

खरे सांगायचे तर आम्हालाही राग आला. रजा गेली, भाडे गेले, खाला कण्हताहेत, आणि या म्हणतात काढता येणार नाही. दाढ तोंडात, रक्तदाब दंडात. यांचा एकमेकांशी संबंध काय? दोन पदव्या घेतलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न यावा याची आज लाज वाटते. म्हणूनच हा महिना या विषयाला दिला आहे. आमच्यासारखे रागावून उठणारे आणि शेजारच्या गल्लीत "लगेच काढून देणाऱ्या"कडे जाणारे लोक घरोघर असतील.

डॉक्टरीणबाईंनी पुढे विचारले, गोळ्या कोणत्या चालू आहेत? खालांनी बटवा उपडा केला. सुपारीचा अडकित्ता, किल्ल्या, मिश्रीची डबी, आणि दोन पाकिटे. एक रक्तदाबाच्या गोळीचे, अर्धे भरलेले. ते बकरी ईदनंतर बंद केलेले. "बरं वाटायला लागलं, मग कशाला खायची?" दुसरे दुखण्याच्या गोळ्यांचे. गावातल्या दुकानातून आणलेल्या, दिवसाला तीन, नऊ दिवस. शिवाय स्टँडवर उतरल्यावर खालांनी दाढेत मिश्री दाबली होती, ठणका कमी होतो म्हणून. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते आणि काही बोललो नव्हतो.

या एका बटव्यात सगळे उत्तर होते. बंद केलेली गोळी तर उघडच आहे. पण दुखण्याची गोळी? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या ठणका थांबवतात, पण मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकू देत नाहीत. अंगात पाणी साठते, रक्तदाब चढतो, आणि रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांचा जोरही कमी पडतो. एखाद-दुसऱ्या गोळीने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. पण ज्याचा रक्तदाब आधीच जास्त आहे किंवा ज्याचे हृदय कमजोर आहे, त्याने त्या आठ-दहा दिवस मनाने खाणे म्हणजे भरलेल्या टाकीत आणखी पाणी सोडणे. अशा माणसाच्या दातदुखीला डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात, आणि तीही ठरावीक मापाने. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी गोळी मात्र त्यांनी टाळावी, तिच्यात सोडियम म्हणजे मिठाचाच भाग असतो. मिश्रीतली तंबाखूही लगेच नाडी आणि रक्तदाब वाढवते. मोजण्याच्या अर्धा तास आधी चहा, बिडी, तंबाखू काही नको, हे त्यासाठीच सांगतात.

आता दाढ काढताना नेमके काय होते ते पाहू. हिरडी बधिर करायचे जे इंजेक्शन दातांचे डॉक्टर देतात त्यात लिग्नोकेनबरोबर बहुधा ॲड्रिनलिन मिसळलेले असते. प्रमाण अगदी थोडे, नेहमीच्या इंजेक्शनात ऐंशी हजारांत एक भाग. त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येते. पण हेच ॲड्रिनलिन हृदयाला पळवते. म्हणून हृदयरोग्याला एका बैठकीत ४० मायक्रोग्रॅमच्या वर ते जाऊ नये असा दंडक दंतवैद्यकात पाळतात. ऐंशी हजारांत एक या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये साडेबारा मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन असते, म्हणजे तीन मिलिलिटरच्या आसपास हद्द येते. डॉक्टर सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून पाहतात, तेही सुई रक्तवाहिनीत गेली नाही ना याच्या खात्रीसाठीच.

"मग ॲड्रिनलिन नसलेलेच इंजेक्शन द्या ना," असे आम्ही डॉक्टरीणबाईंना म्हणालो. त्यांचे उत्तर आम्हाला फार पटले. बधिरपणा कच्चा राहिला आणि पकड लावल्यावर कळ निघाली, तर भीतीने आणि वेदनेने माणसाचे स्वतःचे शरीर जेवढे ॲड्रिनलिन सोडते त्यापुढे सुईतले काहीच नाही. म्हणजे भीतीही एक औषधच समजायची, चुकीच्या मापाचे. १९० वर असलेला आकडा त्या क्षणी कुठे जाईल, मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुटेल का, हृदयावर ताण येईल का, याची जोखीम कोणी घ्यायची? शिवाय चढलेल्या दाबात काढलेल्या दाढेची जखम वाहत राहते. त्यामुळे वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० झाला की घाईचे नसलेले काम पुढे ढकलायचे, ही बहुतेक ठिकाणची रीत आहे. त्याच्या खाली, म्हणजे १५०-१६० वगैरे असेल, तर काळजी घेऊन काम होते. नुसते "बीपी आहे" म्हणून कोणाची दाढ वर्षानुवर्षे तशीच ठेवायची नसते.

एक गोष्ट मात्र वेगळी. गाल किंवा जबड्याखाली मोठी सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, असे झाले तर आकडा कितीही असो, घरी थांबायचे नाही. तसा पू गळ्याकडे उतरतो आणि श्वास अडवू शकतो. आपल्या भागातून अशा वेळी सरळ अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. तिथे दातही पाहतील आणि हृदयही.

खालांचे उच्च रक्तदाबाचे झाले. त्याच्या पुढची पायरी आम्ही आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांमध्ये पाहिली. आमच्या केज तालुक्यातून, साऱ्या बीड जिल्ह्यातूनच, दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वर्गातले बाक रिकामे होतात, हजेरीपटावर ओळीने गैरहजेरी लागते. हे भाऊ दरवर्षी कोयता घेऊन जाणारे. रक्तदाबाची गोळी गावच्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळायची, पण जाताना महिन्याचीच नेली. ती संपली. फडात दवाखाना कुठला? त्यात दाढ सुजली. पहाटे चारला उठून थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आणि दाढेसाठी दुखण्याच्या गोळ्या नाहीतर कोणीतरी टोचलेले इंजेक्शन. हंगाम संपवून परत आले ते सुजलेले पाय आणि चढलेली धाप घेऊन. अंबाजोगाईला निदान झाले, हार्ट फेल्युअर.

घरात रडारड सुरू झाली, कारण त्यांना वाटले हृदय बंद पडले. तसे नव्हे. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचा पंप कमजोर होणे. वर्षानुवर्षे चढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून स्नायू आधी जाड होतो, मग थकतो. पुढे जाणारे रक्त कमी पडते, मागे पाणी साठते: फुप्फुसात साठले की धाप, पायात साठले की सूज. औषधांनी ही माणसे पुष्कळ वर्षे जगतात, काम करतात. पण ती दाढ तशीच होती. पू असलेली दाढ कमजोर हृदयाच्या माणसाच्या तोंडात ठेवणेही बरे नाही.

त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा पहिला प्रश्न आला, "रात्री किती उशा घेऊन झोपता?" भाऊ आमच्याकडे पाहू लागले, "सर, दाताचं विचारतायत की बिछान्याचं?" पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. दातांच्या खुर्चीत माणसाला जवळजवळ सपाट आडवे करतात. कमजोर हृदयाचा माणूस सपाट झोपला की पायातले पाणी छातीकडे येते आणि जीव गुदमरतो. जो घरी तीन उशा लावून किंवा भिंतीला टेकून झोपतो, त्याला खुर्चीतही टेकवून बसवूनच काम करावे लागते. तोंडात कापूस, नळी, डॉक्टरांचे हात. अशा वेळी "मला श्वास घेता येत नाही" हेही सांगता येत नाही. म्हणून आधीच सांगावे, आणि हात वर केला की थांबायचे असे ठरवून घ्यावे. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले असेल, तर त्या दिवशी दात नाहीच. आधी हृदयाचे डॉक्टर. काम झाल्यावर झटकन उठू नये. या औषधांनी उभे राहताना दाब एकदम उतरतो आणि माणूस खुर्चीजवळच कोसळतो. दोन मिनिटे पाय सोडून बसावे, मग उभे राहावे.

पाण्याच्या गोळीचे एक सांगायचे आहे, कारण ते आमच्या बायाबापड्यांचे खास दुखणे आहे. लघवी वाढवून अंगातले पाणी काढणारी गोळी खाऊन एस.टी.त बसायचे कसे? स्टँडवरची स्वच्छतागृहे कशी असतात ते लिहायला नको. म्हणून बायका दवाखान्याच्या दिवशी ती गोळी गुपचूप टाळतात, आणि नेमक्या त्याच दिवशी दाब चढलेला, छाती भरलेली. कोणी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की गोळीची वेळ पुढेमागे करता येईल का. बऱ्याचदा करता येते. विचारण्यात शरम कसली? याच गोळीने तोंडही कोरडे पडते आणि लाळ कमी झाली की दात लवकर किडतात, हेही लक्षात असू द्यावे.

उलट, काही गोळ्या लोक दाढेसाठी फार हौसेने बंद करतात: रक्त पातळ करणाऱ्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. कोणीतरी सांगते आठ दिवस आधी बंद कर, नाहीतर रक्त थांबणार नाही. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने हे मनाने केले तर स्टेंटमध्ये गाठ होऊन जीव जाऊ शकतो. दाढेतले रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येते. हृदयातली गाठ तशी काढता येत नाही. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी दाढेआधी रक्ताची आयएनआर तपासणी करून घ्यावी, आणि दातांसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलने वॉरफेरिनचा जोर वाढतो हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांना दाढ काढण्यापूर्वी जंतुनाशकाचा एक डोस लागतो, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. हे सगळे डॉक्टरांना माहीत असते. पण आपल्या छातीत झडप आहे, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसे कळणार?

गंमत म्हणजे कधी हृदयाची गोळीच तोंडात दिसते. ॲम्लोडिपिन ही आपल्याकडची फार चालणारी, स्वस्त आणि चांगली गोळी. काहींच्या हिरड्या तिने सुजून वाढतात, दातांवर चढतात. निफेडिपिनने त्याहून जास्त. दात नीट घासले नाहीत तर त्रास अधिक. अशा वेळी गोळी फेकून न देता डॉक्टरांना दाखवावे, ते दुसरी देतात. आणि कधी दात दुखतोय असे वाटते पण दुखत असते हृदय. चढ चढताना, पाण्याची घागर आणताना खालचा जबडा दुखावा आणि बसल्यावर थांबावा, दातांत कीड काही नाही, तर तो दातांच्या डॉक्टरांचा रोगी नव्हे. घाम आणि धाप सोबत असेल तर त्याला तातडीने मोठ्या दवाखान्यात न्यावे.

केजहून परत येताना एस.टी.त खाला बऱ्याच वेळाने बोलल्या. म्हणाल्या, "आमच्या अब्बा-दादाच्या काळात कुठे होत्या या गोळ्या?" नव्हत्या, हे खरे. आम्ही नंतर वाचले ते असे. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये तपासले तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६ वर १०८ होता, म्हणजे आमच्या खालांपेक्षा थोडा कमीच, आणि हृदय कमजोर झालेले. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा प्रमुख, पण रक्तदाब खरोखर उतरवील असे सोयीचे औषध त्याच्या डॉक्टरांकडे नव्हते. मीठ कमी करा, विश्रांती घ्या. १२ एप्रिल १९४५ रोजी आकडा ३०० च्या वर गेला आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा या आपल्या मुळीने रक्तदाब उतरतो हे मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमा सिद्दीकी यांनी त्याच मुळीतून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांची आठवण म्हणून त्याला अजमलिन नाव दिले. सर्पगंधेची औषधे आता मागे पडली; मन उदास करण्याचा त्यांचा दोष होता, आणि त्यांच्याहून चांगल्या गोळ्या आल्या. (कोणी मुळी आणून उगाळू नये, म्हणून हे मुद्दाम लिहितो.) पण रुझवेल्टला जी मिळाली नाही, ती गोळी आमच्या खालांच्या बटव्यात बकरी ईदपासून पडून होती.

रमजानबद्दलही लिहायला हवे. रोजा आहे म्हणून सकाळची गोळी सुटते, आणि पुढे ईद झाल्यावर सुटलेली तशीच राहते. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच असतात, त्या सहरीला की इफ्तारनंतर घ्यायच्या हे महिना लागण्याआधी डॉक्टरांना विचारावे. हार्ट फेल्युअर असलेल्यांनी तर रोजा ठेवायचा की नाही हेच आधी विचारावे. आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. आणि दाढेचे काम त्या महिन्यात ताटकळत ठेवण्यापेक्षा शाबानमध्येच उरकून घेतलेले बरे.

खालांची गोष्ट राहिली. गावच्या दवाखान्यात गोळी पुन्हा सुरू झाली, दुसरी एक जोडली गेली. दुखण्याच्या गोळ्या बंद. मिश्रीची डबी आम्ही मागितली ती मिळाली नाही, पण दिवसातून एकदाच लावीन एवढा सौदा झाला. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. तीन आठवड्यांनी पुन्हा केजला गेलो. सकाळी जेवून, गोळी घेऊन, मिश्री न लावता. आकडा १४८ वर ८८. दाढ वीस मिनिटांत निघाली. डॉक्टरीणबाईंनी बोळा दाबायला दिला, थोडा वेळ बसवून ठेवले आणि पुन्हा पट्टा बांधला.

बाहेर बाकावर एक आजोबा सुजलेला गाल धरून बसले होते. खालांना बोळ्यामुळे बोलता येत नव्हते. त्यांनी आजोबांच्या कुडत्याच्या बाहीकडे बोट दाखवले आणि ती वर करा म्हणून खूण केली.